भूगोल वेगळा विषय म्हणून कशाला हवा?

मी भूगोल शिकवते हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो. पालक विचारतात, अभ्यासक्रमाची फेररचना सुरू झाली की सहकारीही विचारतात : नकाशा आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे, मग भूगोलाला स्वतंत्र तासिका कशाला? थोडा विज्ञानात घाला, उरलेला सामाजिक शास्त्रात. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

राजधान्या आणि पिकांच्या याद्या पाठ करून घेणं बंद झालं, तर मला आनंदच होईल. या विषयाचं नाव त्यांनीच खराब केलं. माझी काळजी त्यापुढची आहे. विषयाची वाटणी झाली की काय हरवतं, हे मध्य आशियातल्या अरल समुद्राच्या धड्यावरून कळेल.

नावात समुद्र असला, तरी १९६०च्या सुमारास अरल हे जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर होतं, क्षेत्रफळ सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर. अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांवर ते जगत होतं. सोव्हिएत राजवटीने या नद्यांचं पाणी मोठ्या प्रमाणावर कापसाच्या शेतीकडे वळवलं. येणारं पाणी आटलं, बाष्पीभवन चालूच राहिलं. सरोवर आक्रसलं, उरलेलं पाणी खारट होत गेलं, मासे संपले. मुयनाकसारखं मासेमारीचं बंदर किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर दूर पडलं. उघड्या तळावरची मीठ आणि कीटकनाशकं मिसळलेली धूळ वारा वस्त्यांवर नेऊ लागला. एवढा मोठा जलाशय गेल्यावर आसपासचे उन्हाळे जास्त तापू लागले, हिवाळे जास्त कडक झाले.

आता हा धडा वाटून टाका. बाष्पीभवन आणि क्षारता विज्ञानाकडे, राज्यकर्त्यांचे निर्णय इतिहासाकडे, कापूस अर्थशास्त्राकडे. प्रत्येक तुकडा बरोबर असेल, कदाचित जास्त खोलात जाऊनही शिकवला जाईल. पण नदी वळवल्यावर तिच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्या माणसाचं काय होतं, हा प्रश्न कोणाच्या तासाला विचारायचा? तो भूगोलाच्या तासाला येतो, कारण तिथे निसर्ग आणि माणूस एकाच जागेवर, एकाच नकाशात समोर असतात.

फोनमधल्या नकाशाबद्दलही बोलायला हवं. मीही तो रोज वापरते. तो पुढचं वळण सांगतो; रस्ता नदीच्या कडेकडेनेच का गेला, हे तुम्ही विचारल्याशिवाय कळत नाही. वर्गात मी समोच्चरेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा देते, त्यावर एकही नाव नसतं. ‘पाऊस पडला तर पाणी कुठे गोळा होईल?’ एवढंच विचारते. सुरुवातीला मुलं गोंधळतात. मग कोणाच्या तरी लक्षात येतं, की रेषांची टोकं उंच भागाकडे वळलीत तिथे दरी आहे आणि सखल भागाकडे वळलीत तिथे डोंगराची सोंड. पेन्सिल एकदा त्या टोकांवरून उतरू लागली की कागदावर ओढा दिसायला लागतो. लगेच पुढचा प्रश्न : इथे वसाहत कुठे बांधाल, कुठे मुळीच बांधणार नाही? वर्गात खरं भांडण जुंपतं ते इथे. मोठेपणी घर घेताना, पूररेषेवरच्या बांधकामाबद्दल मत देताना हीच नजर लागते.

हार्वर्ड विद्यापीठाने १९४८मध्ये भूगोलाचा विभाग बंद करायचा निर्णय घेतला होता. त्याच विद्यापीठात २००६मध्ये भौगोलिक विश्लेषणाचं केंद्र सुरू झालं, कारण साथीच्या रोगांपासून शहर नियोजनापर्यंत सगळ्यांनाच स्थानाधारित माहिती वाचण्याची गरज पडत होती. विद्यापीठं असा उशीर सोसू शकतात. शाळेतून तोवर कितीतरी मुलं बाहेर पडलेली असतात.

एकत्रित विषयाला माझा सरसकट विरोध नाही. पण तो शिकवणार कोण, हे आधी ठरवा. ज्यांनी स्वतः कधी हवामानशास्त्र शिकलेलं नाही, त्यांच्या हाती वाऱ्यांचं प्रकरण दिलं तर ते वाचून दाखवतील आणि पुढे जातील. त्यांचाही दोष नाही.

तासिका कमी करायच्याच असतील, तर प्रदेशांच्या वर्णनांची पानं गाळा. क्षेत्रभेट आणि नकाशावाचन राहू द्या. आणि परीक्षेत दरवर्षी एक तरी प्रश्न मुलांनी आधी न पाहिलेल्या नकाशावर विचारा. जे परीक्षेत येतं ते वर्गात शिकवलं जातंच.