पेडलचं दुसरं भोक

वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखान्यातून सकाळीच फोन आला. कटरवर गर कापले जातायत आणि बायकांचे पाय भरून येतायत. मी पात्यांचे दोन जोड आणि नव्या स्प्रिंगा पिशवीत टाकल्या. दोन्हींतलं काहीच लागलं नाही.

पायाने चालणारा काजू कटर तसा साधा असतो. टेबलावर बीच्या बाकाला जुळणारी दोन पाती, एक पक्कं आणि एक सरकणारं. वाफवून गार केलेली बी मध्ये धरायची, पेडल दाबायचं, पाती टरफलात रुतली की हातातला दांडा फिरवून टरफल उकलायचं. टरफलाची जाडी जेमतेम ३ मिलिमीटर आणि त्याच्या आत लगेच गर. पात्याने टरफल पुरतं कापायचं आणि गराला लागायच्या आत थांबायचं, सगळं कसब तिथे आहे. अख्ख्या गराची एक प्रत डब्ल्यू ३२०, म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अख्खे गर. पातं लागलेला गर त्या ढिगातून बाहेर पडतो आणि त्याचा भाव उतरतो.

गर कापला जात असेल तर मी आधी तीन गोष्टी बघतो. बी नीट वाफवलीय का, कारण कच्ची राहिली तर टरफल चिवट राहतं. आकाराप्रमाणे चाळलीय का, कारण वेंगुर्ला ४ या काजूच्या जातीची बी साधारण ७.७ ग्रॅमची आणि वेंगुर्ला ७ ची १० ग्रॅमची. दोन्ही एकाच मापावर कापल्या तर मोठीत पातं खोल जातं. आणि धार. तिन्ही ठीक होतं.

मग टेबलाखाली शिरलो. पेडलची बिजागरी टाचेच्या मागे आहे, पाय पडतो पुढच्या टोकाला, बिजागरीपासून ३६ सेंटिमीटरवर. मधल्या भोकात सळी अडकवलेली असते, ती वर जाऊन एल आकाराच्या तुकड्याला खाली ओढते आणि तो तुकडा पातं आडवं ढकलतो. टेकू एका टोकाला, भार मध्ये, बल दुसऱ्या टोकाला, म्हणजे पेडल दुसऱ्या प्रकारची तरफ. वरचा एल पहिल्या प्रकारचा, टेकू मध्ये. त्याचे दोन्ही हात सारखे, म्हणून तो जोर वाढवत नाही, फक्त दिशा वळवतो. जोर वाढतो तो सगळा खाली पेडलवर.

सळी असायला हवी होती बिजागरीपासून १२ सेंटिमीटरवरच्या भोकात. सीझनच्या तोंडावर कुणीतरी ती १८ च्या भोकात घातली होती, पाय कमी हलला की काम भरभर उरकेल म्हणून. स्प्रिंग सोडवली, पेडलच्या टोकाला वजनं टांगली. बी कापायला १२ किलो लागले. सळी १२ वर आणली, त्याच आकाराची बी लावली, ८ किलोत कापली. सळीवर दोन्ही वेळा २४ किलोच येतात. फरक फक्त ३६ भागिले १२ म्हणजे तिप्पट आणि ३६ भागिले १८ म्हणजे दुप्पट एवढाच. पण वेंगुर्ला ४ च्या एका किलोत १३० च्या आसपास बिया. २० किलो कापायच्या तर २६०० वेळा पेडल, दर वेळी ४ किलो जास्त.

"मेस्त्रीनू, जेवच्या आदीच पाय भरान येतत, तां ह्याच्यामुळे?" एका काकींनी विचारलं. त्यांच्या चंचीतला आडकित्ता मागून घेतला. तोही दुसऱ्या प्रकारचाच. सुपारी टोकाकडे धरून दाबायला सांगितली, मग खिळ्याशी सरकवून. खिळ्याशी ती सहज फुटली. "सळी म्हणजे तुमची सुपारी, काकी. ती खिळ्यापासून लांब नेलीय."

आता गर का कापले जात होते ते. टरफल तुटलं की अडवणूक एकदम जाते आणि पाय झोकात आणखी खाली जातो. पाय ६ मिलिमीटर जास्त गेला, तर १२ च्या भोकावर पातं २ मिलिमीटर पुढे सरकतं. १८ वर ३, म्हणजे टरफलाच्या जाडीएवढं. शिवाय बारा किलोचा जोर लावलेला पाय आठवाल्यापेक्षा जास्तच घसरतो. पेडलखालचा थांब्याचा बोल्टही जुन्याच उंचीवर होता, तो अडवणार कसा? तरफेत जोर मिळतो त्या मापाने अंतर द्यावं लागतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्या अंतरातच हाताचा-पायाचा नेमकेपणा असतो, आणि माझ्या मते काजूत तोच जास्त मोलाचा. उलटा सौदा बघायचा तर गळाची काठी, तिसऱ्या प्रकारची: मधला हात थोडा हलतो, टोक हातभर जातं. मासा उचलायला ते बरं, पात्याला नाही.

सळ्या १२ वर आणल्या की काम संपत नाही. पातं १२ मिलिमीटर मिटायला पेडलचं टोक आधी २४ मिलिमीटर खाली जायचं, आता ३६ जायला हवं. म्हणून सळीची नट आवळून पेडल वर घेतलं आणि बोल्ट नव्याने बसवला: बी न घालता पेडल पुरतं दाबायचं, पात्यांत गराच्या जाडीपेक्षा जरा जास्त फट राहिली पाहिजे. एका टेबलावर तरीही पाय आधी पोकळच जायचा. टरफलाच्या चिकट तेलाने सळीच्या सांध्यातला बुश, म्हणजे आतली नळी, खाल्ला होता. सळीशी २ मिलिमीटरचा ढिलेपणा पायाशी ६ होतो. बुश बदलला. बाहेरची भोकं वेल्डिंगने बुजवून टाकली.

खिडकीजवळच्या मुलीला मात्र अजून जड जात होतं. ती ठेंगणी, पाय पुरत नाही म्हणून ती ३६ ऐवजी ३० सेंटिमीटरवर दाबत होती, तिप्पटीचं अडीचपट झालं होतं. यंत्राला हात न लावता तिचं स्टूल पुढे घेतलं आणि स्टुलाचे पाय तीन इंचांनी कापले.