वाऱ्याकडं पाठ करून

खानापूरजवळ आमच्या काकांची वीटभट्टी आहे. हिशेबाची वही मी लिहितो. तिच्या मागच्या पानांवर रोजचा वारा, हवेचा दाब आणि पाऊस यांची नोंद करतो. कच्च्या विटा उन्हात असतात तेव्हा त्या पानांवर माझा जीव असतो.

१४ मे २०२१, अक्षय्य तृतीया. लक्षद्वीपजवळचं कमी दाबाचं क्षेत्र वादळाचं रूप घेत होतं. त्याचंच पुढं तौक्ते झालं. नाव म्यानमारनं दिलेलं, अर्थ पाल. काकांनी विचारलं, "आपल्याकडं येतंय काय रे?" नकाशावरची रेघ समुद्रातून गुजरातकडं जात होती. मी म्हणालो, "नाही काका, समुद्रातनंच वर जातंय."

ते खरं होतं, पण अपुरं. रेघ फक्त वादळाच्या केंद्राची असते. ढगांचे पट्टे शेकडो किलोमीटर पसरतात आणि घाटाला अडून कोसळतात. हे मला ठाऊक होतं, तरी सांगितलं नाही. त्याचं अजून वाईट वाटतं.

शनिवारी सांगितलं तोवर उशीर झाला होता. लॉकडाऊनमुळं दुकानं बंद, ताडपत्र्या घरात होत्या तेवढ्याच. रविवारी पहाटे पत्रे वाजायला लागले. एरवी सकाळी दहापर्यंत दाब चढत जातो. त्या दिवशी फोनवरचा आकडा चढलाच नाही. वादळ तेव्हा गोव्यासमोर समुद्रात होतं. मग पाऊस आला. कच्ची वीट भिजली की आधी कडा गळतात, मग वर उठवलेली अक्षरं पुसट होतात, शेवटी बोट रुततं. आम्ही सगळे पिंजार आणि ताडपत्र्या घेऊन धावत होतो. निम्म्या विटा वाचल्या. बाकीच्यांचा चिखल झाला.

सोमवारी वादळातल्या वाऱ्याचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या पुढं गेला. अरबी समुद्र तापलेला, त्यामुळं वादळाला बळ मिळतच राहिलं. आमच्याकडं मात्र पाऊस ओसरला होता.

दुपारी काका चिखलाच्या ढिगाशी उभे होते. "आता कुठं आहे ते?" मी त्यांना वाऱ्याकडं पाठ करून उभं राहायला सांगितलं. "आता डावा हात सरळ बाजूला धरा. वादळ साधारण त्या अंगाला." रविवारी पहाटे वारा आग्नेयेकडून होता, तेव्हा हात गोव्याच्या समुद्राकडं जात होता. आता वारा नैर्ऋत्येचा. काकांचा हात वायव्येला गेला.

त्याच रात्री दीव-उन्याजवळ वादळ किनाऱ्यावर चढलं. काका झोपले नव्हते. "तिकडच्या लोकांना कुणी सांगितलं असंल न्हवं?" एवढंच त्यांनी विचारलं.