चार कोपऱ्यांतला हालेलुया

वसईतल्या आमच्या कॉयरला, म्हणजे गायकवृंदाला, ईस्टरसाठी मी संगीतकार हेंडलच्या ‘मेसाया’ या मोठ्या गायनरचनेतला ‘हालेलुया’ बसवत होतो. १७४२ साली डब्लिनमध्ये पहिल्यांदा गायली गेलेली ही रचना. आमचे गळे तीस, स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचणारे मोजकेच, त्यामुळे सगळं कानावर बसवायचं.

सुरुवातीचे ‘हालेलुया’ पटकन बसले. तिथे चारही आवाज एकाच वेळी एकच अक्षर उच्चारतात, स्वर तेवढे वेगळे. ही होमोफनी, शेजाऱ्याच्या आधाराने निभावता येतं. ‘फॉर द लॉर्ड गॉड’ ही ओळ तर पहिल्यांदा येते तेव्हा सगळे एकाच चालीत गातात, बायका वरच्या सप्तकात, पुरुष खालच्या.

घोडं अडलं ‘अँड ही शॅल रेन’वर. इथे बास (पुरुषांतले खालचे आवाज) चाल सुरू करतात, मग तीच टेनर (पुरुषांतले वरचे) उचलतात, मग आल्टो (बायकांतल्या खालच्या), मग सोप्रानो (बायकांतल्या वरच्या), आणि आधीचे थांबत नाहीत. टेनर आले की आमचे बास आणखी जोर लावायचे. आल्टो शिरेपर्यंत नुसता गलका. त्या शनिवारी चौथ्यांदा तसंच झालं, तेव्हा बासमधले एक काका म्हणाले, “सर, माझी चाल मी सोडत नाही. पण बाकीचे काय गातात ते मला ऐकूच येत नाही.”

चूक माझी होती. प्रत्येक भाग मी वेगवेगळा घोटून घेतला होता, एकमेकांचं ऐकायला शिकवलंच नव्हतं.

बाकं सरकवली, ऑर्गन बंद केला, चार गट हॉलच्या चार कोपऱ्यांत उभे केले. म्हटलं, चाल तुमच्याकडे असताना मोकळ्या गळ्याने गा. दुसऱ्या कोपऱ्याने उचलली की आवाज निम्म्यावर आणा आणि तिकडे बघा.

पहिल्या फेरीत टेनर अडखळले. दुसऱ्या फेरीत चाल बासकडून उठली आणि कोपऱ्याकोपऱ्याने वर चढत गेली. माना तिच्यामागे वळत होत्या. सोप्रानो शिरल्या तेव्हा चारही ओळी सुट्या सुट्या ऐकू येत होत्या. मला थांबवेना. पुढे ‘किंग ऑफ किंग्ज’ आलं, बायकांनी लांब स्वर धरला, त्याखाली पुरुषांचे तुटक ‘हालेलुया’.

शेवटाआधी हेंडलने सगळ्यांना क्षणभर गप्प केलं आहे. एरवी तिथे कुणीतरी घाईने शिरायचंच. त्या दिवशी चारही कोपरे थांबले. काकांनी डोळे मिटले होते. मग शेवटचा संथ ‘हालेलुया’ तीस गळ्यांतून एका श्वासात आला.