तुम्ही विचारलंत म्हणून: लेपाचा डोळा

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईला लोक दोनच गोष्टी विचारतात. घरात निघालेला साप विषारी आहे का, ही पहिली. ती तातडीची असते. दुसरी सवडीने येते: "मॅडम, असले विचित्र प्राणी तयार तरी कसे झाले?" विचारणाऱ्याच्या मोबाइलवर बहुधा खोल समुद्रातला एखादा दात विचकणारा मासा असतो. मी तो फोटो बाजूला ठेवायला सांगते आणि मासळीबाजारातल्या लेपाबद्दल बोलायला लागते. विचित्रपणात लेप कोणाला हार जाणारा नाही. फक्त किनाऱ्यावरच्या माणसाने तो इतक्यांदा तळून खाल्लेला असतो की त्याच्याकडे नीट बघायचं राहूनच जातं. मालवणात कोळणी सांगतातच, "दिसाक वाकडो, खावक बरो." पण वाकडा म्हणजे किती वाकडा?

वीतभर लांब, जिभेसारखा चपटा मासा. एक बाजू मातकट, दुसरी पांढरी, आणि दोन्ही डोळे मातकट बाजूवर, एकमेकांना जवळजवळ खेटून. मातकट ती पाठ आणि पांढरं ते पोट, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. मातकट ती त्याची डावी कूस आणि पांढरी ती उजवी. लेप जन्मभर कुशीवर पडून असतो. उजवा डोळा जागच्या जागी राहिला असता तर चिखलात रुतून फुकट गेला असता. तो डावीकडे आला आहे.

आला आहे, हे मी अगदी शब्दशः म्हणते. अंड्यातून निघालेलं पिल्लू चारचौघा माशांसारखंच असतं: दोन बाजूंना दोन डोळे आणि पोहणं सरळ. काही आठवड्यांत त्याच्या अंगात थायरॉइडचं संप्रेरक वाढतं (बेडकाच्या पिल्लाची शेपूट ज्याच्यामुळे जाते तेच) आणि कवटीची हाडं पिळायला लागतात. एक डोळा वर चढतो, कपाळ ओलांडतो आणि पलीकडे जाऊन बसतो. तोवर पिल्लू कलतं, तळाशी जातं, आडवं होतं. लेपाच्या जपानी भाईबंदांवर प्रयोग झाले आहेत. संप्रेरक रोखलं की पिल्लू मोठं होत जातं, पण डोळा हलत नाही.

इथवर मुलं मजेत ऐकतात. मग मागच्या बाकावरून तो प्रश्न येतो, आणि तो आला की मला बरं वाटतं. "डोळा पूर्ण पलीकडे गेला तर फायदा कळतो. पण उत्क्रांती हळूहळू होते म्हणता ना? मग अर्धाच सरकलेला डोळा काय कामाचा? तो चिखलातच राहणार."

हाच आक्षेप सेंट जॉर्ज मिव्हार्ट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1871 मध्ये डार्विनवर घेतला होता. तो डार्विनला इतका लागला की 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या आपल्या पुस्तकाच्या 1872 च्या सहाव्या आवृत्तीत त्याने आक्षेपांसाठी नवं प्रकरणच घातलं. त्यात स्वीडनच्या माल्म या प्राणिशास्त्रज्ञाची निरीक्षणं दिली: पिल्लू कुशीवर पडलं की खालचा डोळा ताणून वर बघायची धडपड करतं. ही धडपड पिढ्यान्‌पिढ्या साठत गेली, तिला नैसर्गिक निवडीची जोड मिळाली, असं डार्विनचं म्हणणं. मला हे उत्तर लंगडं वाटतं. बापाने डोळे ताणले म्हणून पोराचे डोळे सरकत नाहीत. पुढे रिचर्ड गोल्डश्मिट या आनुवंशिकीच्या अभ्यासकाने तर हळूहळूचा नादच सोडला आणि असे प्राणी एका उडीत तयार झाले असावेत असं सुचवलं. अर्धवट डोळ्याचा मासा कोणी दाखवू शकत नव्हतं, तोवर त्यालाही खोटं म्हणायची सोय नव्हती.

तो मासा संग्रहालयांतच पडलेला होता. इटलीत व्हेरोनाजवळ मॉन्टे बोल्का नावाची जागा आहे. तिथल्या सुमारे 5 कोटी वर्षं जुन्या चुनखडीत माशांचे अप्रतिम जीवाश्म सापडतात. त्यांतला अँफिस्टियम शंभरहून अधिक वर्षं ठाऊक होता. पण दगडात माशाची एकच बाजू दिसते, त्यामुळे दुसरा डोळा नेमका कुठे आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. शिकागोत संशोधन करणाऱ्या मॅट फ्रीडमनने कवटीचं सीटी स्कॅन केलं. व्हिएन्नाच्या संग्रहालयात त्याला आणखी एक तसाच मासा मिळाला. त्याचं नाव हेटेरोनेक्टेस. 2008 मध्ये फ्रीडमनने 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात मांडलं की दोन्ही माशांत एक डोळा वर सरकला आहे, पण कपाळ ओलांडलेलं नाही. आणि ही पिल्लं नव्हेत, पूर्ण वाढलेले मासे.

मग तो अर्धा डोळा उपयोगाचा होता का? एका अँफिस्टियमच्या पोटात त्याच्या जवळजवळ निम्म्या लांबीचा मासा सापडला आहे, म्हणजे उपाशी तरी मरत नव्हता. शिवाय आजचे चपटे मासेही दर वेळी तळाला सपाट चिकटून राहत नाहीत. कडेचे पर टेकून ते अंग थोडं उचलतात. अंग बोटभर उचललं की थोडासाच वर सरकलेला डोळाही काहीतरी बघतो, आणि न सरकलेल्यापेक्षा जास्त बघतो. एवढंच पुरतं.

आमच्याकडच्या समुद्रातही एक साक्षीदार आहे. इंडियन हॅलिबट भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर मिळतो. त्याचा सरकलेला डोळा डोक्याच्या कडेवरच येऊन थांबतो. काहींचा उजवीकडून येतो, काहींचा डावीकडून. हा मासा पुष्कळदा उभाही पोहतो.

पण एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? पाकट बघा. तीही तळाशीच राहते, पण पोटावर सपाट झाली आहे, दोन्ही डोळे मुकाट्याने पाठीवर. सुबक काम. फरक वाडवडलांचा आहे. पाकट मुशीच्या गोतातली, आणि मुशीसारखं गोल अंग पोटावर दाबलं जाऊ शकतं. लेपाचं गोत वेगळं. डीएनएवरून बांधलेल्या वंशावळीत बाजारातला हलवा त्याच्या लांबच्या नात्यात निघतो. हलव्यासारखं उभं, पातळ अंग तळाशी टेकवायचं तर ते कुशीवरच पडणार. पुढची सगळी वाकडी वाट तिथून सुरू झाली.

मागे एका मुलीने विचारलं, "मग पुढे त्याचं तोंडही सरकेल का?" मी तिला ट्रेमधल्या लेपाचा जबडा उघडून बघायला सांगितलं. त्याचे दात पांढऱ्या, आंधळ्या बाजूला असतात, कारण खाणं तिकडे, चिखलात आहे. म्हणजे तोंडही सरकलेलंच आहे, फक्त डोळ्याच्या उलट दिशेने.