साथीत घरचा शेवटचा आजार: औषधांची पेटी आधी पोचली पाहिजे

साथ आली म्हणून कॅन्सर थांबत नाही, निकामी किडनी सुधारत नाही. थांबतात त्या भेटी. शेवटच्या आजारातल्या पेशंटला घरी जाऊन पाहणारी, एरवी नाशिकच्या सिडको-सातपूरला आठवड्याला जाणारी होम केअर टीम टाळेबंदीत पंधरवड्याने पोचते. पेठ-सुरगाण्याकडे घाट, पाऊस आणि नेटवर्क या तिन्हींनी ठरवलं तर त्याहून उशिरा. त्यामुळे साथीच्या काळात पेशंट नोंदवताना पहिला प्रश्न एकच विचारावा: पुढचे पंधरा दिवस या घरात बाहेरचं कोणीच आलं नाही, तर काय काय लागेल? जे लागेल ते आजच घरात ठेवायचं आणि ते वापरायला घरातल्या दोघांना शिकवायचं. दोघांना अशासाठी, की सांभाळणारी सून किंवा मुलगाच पॉझिटिव्ह आला तर दुसरा माणूस तयार हवा.

पेटी म्हणून झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा पुरतो. दुखण्यासाठी मॉर्फिनच्या साध्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या, पोट साफ व्हायला बिसाकोडिल ५, मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड १०, तळमळीसाठी हॅलोपेरिडॉल, घाबरल्यावर जिभेखाली ठेवायला लोराझेपाम १, तापासाठी पॅरासिटामॉल. इंजेक्शनमध्ये मॉर्फिन, हॅलोपेरिडॉल आणि घशातल्या घरघरीसाठी हायोसिन ब्यूटिलब्रोमाइड. त्वचेखाली लावून ठेवायच्या २३ किंवा २४ नंबरच्या दोन बटरफ्लाय सुया, १ आणि २ मिलिलिटरच्या सिरिंज, पारदर्शक ड्रेसिंग, गॉज, हातमोजे, मोठ्यांचे डायपर, रबरी शीट. प्रत्येक पाकिटावर मराठीत ‘दुखल्यावर’, ‘मळमळल्यावर’, ‘घाबरल्यावर’ असं मोठ्या अक्षरात लिहायचं. वाचता न येणाऱ्या घरात पुठ्ठ्यावर गोळी चिकटवून शेजारी सूर्य आणि चंद्र काढायचे. आशाताई हे पुठ्ठे आपल्यापेक्षा चांगले बनवतात, त्यांच्याकडेच सोपवावेत. डोस मात्र पेशंट पाहिलेल्या डॉक्टरनेच लिहून द्यायचा. खाली दिलेले आकडे नेहमीचे सुरुवातीचे आहेत, ते पाहून कोणी स्वतःहून गोळी सुरू करू नये.

सगळ्यात जास्त नियोजन मॉर्फिनचं लागतं. अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ते ठेवता आणि देता येतं, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळेल असं धरून चालू नये. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार फोनवर किंवा व्हिडिओवर तपासून एनडीपीएसखालचं औषध लिहून देता येत नाही. म्हणजे व्हिडिओ कॉलने बाकी बरंच निभावेल, मॉर्फिनची चिठ्ठी निभावणार नाही. भेट झाली की त्याच दिवशी पुढच्या पंधरवड्याचा हिशेब करायचा. ५ मिलिग्रॅम, म्हणजे १० ची अर्धी गोळी, दर चार तासांनी: दिवसाला सहा डोस, तीन गोळ्या, पंधरा दिवसांना ४५. मध्येच उसळणाऱ्या दुखण्यासाठी आणि वाढीव डोससाठी १५ जास्त. म्हणजे ६० गोळ्या. झोपताना दुप्पट डोस दिला तर मध्यरात्रीचा चुकवता येतो, सांभाळणाऱ्यालाही झोप मिळते. फार वयस्कर किंवा किडनी कमजोर असलेल्यांना २.५ मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांनी.

चुका ठरलेल्या आहेत. ‘सवय लागेल’ या भीतीने दुखेल तेव्हाच गोळी दिली जाते, मग दुखणं दर वेळी शिखरावर गेल्यावर औषध पोचतं आणि तेवढ्याच गोळ्यांत आराम कमी पडतो. एसआर लिहिलेली लांब पल्ल्याची गोळी कुटून दिली जाते. ती कधीही कुटायची नाही, बारा तासांचा डोस एकदम अंगात जातो. साठा संपून गोळी एकाएकी बंद झाली, तर घाम, जांभया, जुलाब आणि दुपटीने दुखणं. मळमळ बहुतेकांची काही दिवसांत ओसरते, तोवर मेटोक्लोप्रमाइड. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून मॉर्फिन असेपर्यंत रात्री बिसाकोडिलच्या दोन गोळ्या चालूच. पेशंट हाक मारूनही उठत नाही आणि श्वास मिनिटाला आठच्या खाली आला, तर पुढचा डोस थांबवून फोन करायचा. डबा कुलपात, गोळ्यांची संख्या वहीत.

धाप लागण्याबद्दल लोक ऑक्सिजनपासून सुरुवात करतात. आमच्या मते क्रम उलटा हवा. आधी बसवणं: पाठीशी उशा, पुढे स्टुलावर उशी आणि त्यावर हात टेकवलेले. मग खिडकी उघडी आणि गालावर वारा येईल असा छोटा पंखा. चेहऱ्यावरच्या वाऱ्यानेच धाप कमी जाणवते. मग मॉर्फिन २.५ ते ५ मिलिग्रॅम. घाबरगुंडी उडाली असेल तर लोराझेपाम अर्धी ते एक गोळी जिभेखाली. नेब्युलायझर साथीत टाळावा, तुषार खोलीभर पसरतात. इनहेलर आणि त्याला जोडायची नळी, म्हणजे स्पेसर, वापरावा.

ऑक्सिजन पातळी खाली असेल आणि त्याने बरं वाटत असेल तर जरूर द्यावा. हिशेब आधी माहीत हवा. १० लिटर पाण्याच्या क्षमतेचा बी-टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर त्यात सुमारे १५०० लिटर वायू असतो. मिनिटाला २ लिटरने तो बारा-साडेबारा तास चालतो, ५ लिटरने पाच तास. कोविडच्या दुसऱ्या लाटेत रिकामा सिलिंडर भरून आणणं हेच घरच्यांचं दिवसभराचं काम झालं होतं. त्यामुळे घरी ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र, बरा. तो साधारण ३५० वॅट खातो. वीज गेली तर १५० एएचच्या बॅटरीचा इन्व्हर्टर तीन तासांच्या आसपास ओढतो. गावात याहून जास्त वेळ वीज जाते, तिथे एक बी-टाइप सिलिंडर राखीव ठेवावा आणि त्याची किल्ली सुतळीने त्यालाच बांधावी. ऐन वेळी हरवते ती किल्लीच. कॉन्सन्ट्रेटरच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी, दोन रेघांच्या मध्ये. फिल्टर आठवड्याला धुवायचा, पूर्ण वाळवूनच बसवायचा.

आणि उशाशी दिवा लावायचा नाही. समई, अगरबत्ती, कापूर, सॅनिटायझरची बाटली हे सगळं ऑक्सिजनपासून लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत. घरातल्या मोठ्यांना वाईट वाटतं. देवघरात दिवा लावा, इथे तुळस ठेवा, असं सांगितलं की बहुतेक वेळा पटतं.

टीमने आत जाताना एकच जण आत, दुसरा दारात. लागणारं सामान एका ताटात घेऊन जायचं, बॅग बाहेर. तपासणी वीस मिनिटांत आटपायची आणि बोलणं गच्चीवर किंवा अंगणात. पीपीई काढताना आधी हातमोजे, मग गाऊन, मग शील्ड, मास्क सगळ्यात शेवटी आणि खोलीबाहेर, प्रत्येक पायरीनंतर हात धुवायचे. संसर्ग होतो तो बहुधा काढताना, दमलेल्या हातांनी. पुसण्यासाठी जंतुनाशक म्हणून १ टक्का हायपोक्लोराइट: ५ टक्क्यांच्या बाटलीतलं एक माप आणि चार मापं पाणी. ब्लीचिंग पावडर साधारण ३० टक्क्यांची असेल तर लिटरला ३० ग्रॅमच्या आसपास. रोज ताजं करायचं, आणि संडासच्या अॅसिडमध्ये कधीही मिसळायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो.

आता अवघड भाग. या पेशंटला कोविड झाला आणि श्वास बिघडला तर सिव्हिलला न्यायचं की घरीच ठेवायचं? हा प्रश्न पेशंट बोलता असतानाच विचारावा. साथीत वॉर्डात गेलेल्या माणसाजवळ कोणाला बसू देत नाहीत, हे स्पष्ट सांगावं. काही जण तरीही दवाखाना निवडतात, तो त्यांचा हक्क आहे, त्यांना परावृत्त करू नये. ठरेल ते कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावावं: आजार, चालू औषधं, काय करायचं, काय नाही, कोणाला फोन. रात्री दोन वाजता घाबरून १०८ ला फोन लागतो, तेव्हा आलेल्या डॉक्टरला हा कागद उपयोगी पडतो. उपचारांबाबत कायद्याने ग्राह्य इच्छापत्र करायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी.

शेवटचे दोन-तीन दिवस घरच्यांना ओळखता आले पाहिजेत. गिळणं बंद, लघवी कमी, हातपाय गार, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू. इथे ऑक्सिमीटर काढून ठेवावा. बोटं गार असल्याने तो आकडाही भरवशाचा नसतो, आणि सगळं घर पेशंटऐवजी त्या आकड्याकडे बघत बसतं. तोंडाने औषध जात नसेल तर बटरफ्लाय सुई गळ्याखाली छातीवर किंवा दंडावर त्वचेखाली लावून ठेवतात. नीट राहिली तर ती तीन ते सात दिवस चालते. लाल झाली, सुजली, तर जागा बदलायची. तोंडावाटे ५ मिलिग्रॅम मॉर्फिन घेणाऱ्याला त्वचेखालून साधारण निम्मं पुरतं. अँप्यूल १० ची आहे की १५ ची, हे वाचूनच सिरिंज भरायची. सिस्टरने डोस भरून, लेबल लावून फ्रीजमध्ये ठेवले तर घरातला माणूस चार तासांनी देऊ शकतो, पण भरलेली सिरिंज चोवीस तासांपुढे वापरू नये.

घशातली घरघर ऐकणाऱ्याला जास्त छळते. कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच. हायोसिन २० मिलिग्रॅम त्वचेखालून, लवकर दिलं तर उपयोग. खोल सक्शन करू नये, त्रासही होतो आणि तुषारही उडतात. तळमळ वाढली तर आधी ओटीपोट चाचपा, लघवी तुंबलेली असते किंवा शौचाचा खडा झालेला असतो. ते नसेल तर हॅलोपेरिडॉल.

‘निदान एक सलाईन तरी लावा’ ही मागणी येतेच. ती मागणी प्रेमाची असते, म्हणून उत्तर तांत्रिक देऊन भागत नाही. या टप्प्यावर भूक-तहान कमी होते म्हणून शरीर बंद पडतंय असं नाही, शरीर बंद पडतंय म्हणून ती कमी होते. वरून दिलेलं पाणी फुप्फुसात आणि पायांत साठतं, घरघर वाढते. हाताला काम द्या: ओल्या कापसाने ओठ पुसणं, दोन तासांनी तोंड साफ करणं, व्हॅसलिन. गंगाजल द्यायचं असेल तर तेही त्याच कापसाने, ओठांवर. बेशुद्ध माणसाच्या तोंडात चमचा ओतला तर ठसका लागतो.

घरी मृत्यू झाला तर शेवटच्या आजारात पाहणाऱ्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचा ४-ए फॉर्म द्यायचा असतो. तो कोण देणार हे आधी ठरवून ठेवा, साथीत ऐन वेळी कोणी पुढे येत नाही. नोंद २१ दिवसांत, शहरात महापालिकेच्या विभागीय कार्यालयात, गावात ग्रामपंचायतीत. कोविड असेल तर केंद्राच्या मार्च २०२० च्या सूचनांनुसार अंघोळ आणि मिठी नाही, पण पिशवीची चेन उघडून चेहरा दाखवता येतो, मंत्र म्हणता येतात, स्पर्श न करता पाणी शिंपडता येतं. राखेपासून धोका नाही. अमरधाम स्मशानभूमीत गेलेल्या कुटुंबाला हे कोणी सांगितलेलं नसतं आणि भीतीपोटी अस्थीही नेल्या जात नाहीत.

दोन-तीन दिवसांनी घरच्यांना फोन करावा, औषधांबद्दल नंतर बोलावं. उरलेलं मॉर्फिन मोजून, वहीत सही घेऊन ज्या संस्थेने दिलं तिथेच परत. कॉन्सन्ट्रेटरची नळी आणि नाकातली कॅन्युला फेकायची, बाटली धुऊन हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास बुडवून पुन्हा साध्या पाण्याने धुवायची, फिल्टर नवा, यंत्र ओल्या फडक्याने पुसून अर्धा तास चालवून बघायचं, आणि मगच पुढच्या घरी.