आमची वाटचाल : पंधरा दिवसांच्या फेरीपासून तीन महिन्यांपर्यंत

नाशिकच्या गोदामांत आम्ही कीडनियंत्रण सुरू केलं ते मॅलेथिऑनवर. ५० टक्के ईसी (पाण्यात मिसळणारं तेलकट द्रव औषध), एक भाग औषधाला शंभर भाग पाणी, १०० चौरस मीटरला ३ लिटर द्रावण आणि दर पंधरा दिवसांनी फेरी. पुढे डेल्टामेथ्रिन २.५ टक्के डब्ल्यूपीवर (पाण्यात कालवायची पावडर) आलो. लिटरला ४० ग्रॅम, द्रावण तेवढंच, फेरी तीन महिन्यांनी.

हे नव्वद दिवस कागदावरचे. खरी मुदत ठरते भिंतीवर. नवं सिमेंट आणि ताजा चुना अल्कधर्मी असतो, तिथे दोन्ही औषधं लवकर विघटतात. फवारणीनंतर चुना मारला तर औषध त्याखाली गाडलंच जातं. खडबडीत प्लास्टर ईसी पिऊन टाकतं. डब्ल्यूपीचे कण वर राहतात, किडीच्या पायाला लागतात. पण ही पावडर तळाशी बसते आणि पंपाची नळी तळातूनच ओढते. टाकी हलवत राहिलं नाही, तर पहिल्या भिंतीवर दाट थर आणि शेवटच्या भिंतीवर नुसतं पाणी.

घोटीच्या भातगिरण्यांत अडचण कोंड्याची. धूळ औषधावर बसली की भुंगेरा धुळीवरून चालतो, वर खायलाही मिळतं. म्हणून आधी झाडलोट, फटी ब्रशने साफ, मगच पंप. खपऱ्याच्या (साठवलेलं धान्य खाणारा भुंगेरा) केसाळ अळ्या फटीतच दडून बसतात, त्यांना भिंतीवरचा थर पुरत नाही.

औषध जिवंत आहे का, हे आम्ही तारखेवरून ठरवत नाही. फवारलेल्या फरशीवर काचेचा ग्लास पालथा घालून आत दहा तांबडे भुंगेरे २४ तास ठेवतो. उताणे पडून पाय हलवणारे मेलेले धरायचे नाहीत. स्वच्छ डबीत चिमूटभर पिठावर आणखी एक दिवस ठेवले की त्यातले काही उठून चालू लागतात. असं दिसलं, की मुदत बाकी असली तरी फवारणी पुन्हा.

मार्केट यार्डातले व्यापारी मात्र अजून विचारतात, "धुरी दिलीत ना, मग फवारणी कशाला?" ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या ३ ग्रॅमच्या गोळ्या, टनाला तीन, ताडपत्रीखाली सात दिवस. त्यातून निघणारा गॅस पोत्यातली कीड मारतो, पण ताडपत्री निघाली की मागे संरक्षण शून्य. शेजारच्या थप्पीतून सोंडे (धान्यातले सोंडवाले किडे) त्याच रात्री परत येऊ शकतात. त्यामुळे आमच्या कोटेशनमध्ये धुरी आणि पोत्यांवरची बाहेरची फवारणी एकाच ओळीत असते. सहा महिन्यांची गॅरंटी कुणी मागितली, तर ते काम आम्ही घेत नाही.