घरच्या कॉम्प्युटरला फुकटातलं संरक्षण पुरतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘पैसे भरून अँटीव्हायरस घ्यावा, की फुकटातला पुरेल?’ हा प्रश्न मला सारखा येतो. घरच्या वापरासाठी फुकटातला पुरतो, आणि विंडोज असेल तर तो शोधत हिंडायचीही गरज नाही. 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा अँटीव्हायरस विंडोजसोबतच येतो. तो चालू ठेवा. जोडीला दुसरा बसवू नका, दोघं एकमेकांच्या पायात येतात.

आणि अपडेट पुढे ढकलू नका. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर प्रोग्राम (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा) जगभर पसरला, तेव्हा तो विंडोजमधल्या ज्या भगदाडातून शिरत होता ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं.

पण मला खरी कळकळ आहे ती पुढच्या गोष्टीची. अँटीव्हायरस बसवला की लोक निर्धास्त होतात आणि मशीनमध्ये काय चाललंय ते कधी बघतच नाहीत. ते बघण्यासाठी सिसइंटर्नल्स नावाचा विंडोजसाठीच्या साधनांचा जुना संच आहे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी तो सुरू केला, 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतला आणि आजही तो मोफत मिळतो. त्यातलं ऑटोरन्स मला सगळ्यात मोलाचं वाटतं. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर आपल्याला न विचारता जे जे चालू होतं, त्याची यादी ते समोर ठेवतं: पडद्यामागे चालणाऱ्या सर्व्हिसेस, ठरलेल्या वेळी चालणारी कामं, कधीतरी काढून टाकलेल्या प्रोग्रामचे उरलेले अवशेष. पहिल्यांदा यादी बघून छाती दडपते. मेनूमध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याची सोय आहे. ती वापरली की उरलेलं नजरेच्या आवाक्यात येतं. नोंद संशयास्पद वाटली तर पुसू नका, फक्त समोरची टिक काढा. काही बिघडलं तर ती परत लावता येते.

मशीन ठणठणीत असताना ही यादी सेव्ह करून ठेवा. पुढे कधी कॉम्प्युटर विचित्र वागायला लागला तर नवी यादी जुन्या यादीशी ताडून बघता येते. ती सोय ऑटोरन्समध्येच आहे. नेहमीचं काय हे ठाऊक असल्याशिवाय वेगळं काय ते कसं ओळखणार?

त्याच संचातलं प्रोसेस एक्सप्लोरर या क्षणी काय चालू आहे ते दाखवतं, फाइलच्या पत्त्यासकट. पत्ता महत्त्वाचा. ‘एसव्हीसीहोस्ट’ (svchost) नावाच्या डझनावारी प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्राम, दिसतील, त्यांना घाबरू नका. त्या विंडोजच्याच असतात आणि सिस्टम32 फोल्डरमधून चालतात. हेच नाव डाउनलोड्समधून किंवा टेम्प फोल्डरमधून चालताना दिसलं, तर मात्र लगेच इंटरनेट तोडा आणि पूर्ण स्कॅन लावा.

बाकी ‘क्लीनर’ आणि ‘बूस्टर’ मंडळींपासून लांब राहा. 2017 मध्ये सीक्लीनर या अशाच एका लोकप्रिय क्लीनरच्या अधिकृत डाउनलोडमध्येच हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला होता. फुकट आहे म्हणून दहा साधनं भरायची नसतात. दोन-तीन पुरेत, तीही मूळ साइटवरूनच घ्यायची.

पैसे खर्च करायचेच असतील तर बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि महत्त्वाच्या फाइल तिच्यावर नियमित उतरवा. कॉपी झाली की केबल काढून ठेवा, कारण रॅन्समवेअर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलही कुलूपबंद करतं.